मदत हवी आहे: एअरब्रशच्या कपात बुडबुडे, नळीत पाणी आणि रंगाला संत्र्याची साल

सिंहगडरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मॉडेल्स मी बारा-तेरा वर्षं करतोय, पण आजवर सगळं हातब्रशने. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन, घेऊन अडीच महिने झाले आणि अजून एकही भाग मनासारखा रंगलेला नाही. आता हातात वेळ थोडा आहे, म्हणून इथे विचारतोय.

आधी वेळ थोडा का, ते सांगतो. बाबा हवाई दलात इंजिन फिटर होते. विशीतच मिग-२१ वर लागले. ते ज्याला अजूनही 'टाईप सत्याहत्तर' म्हणतात त्या मिग-२१ च्या एफएल प्रकारावर, म्हणजे आपल्या ओझरला एचएएलमध्ये तयार झालेल्या विमानांवर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा बाबा टीव्हीसमोर पूर्ण वेळ उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्याच आठवड्यात मी १/४८ चं, म्हणजे मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं किट मागवलं. या सप्टेंबरअखेरीस बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात, त्या दिवशी विमान त्यांच्या टेबलावर हवं आहे. आणि त्यांना ते त्यांच्या वेळचंच हवंय: रंग न दिलेलं, उघड्या धातूचं. म्हणजे खाली आरशासारखा ग्लॉस ब्लॅक आणि त्यावर मेटॅलिक लॅकर. तो ग्लॉस ब्लॅकच जमत नाहीये.

सामान असं: ०.३ मिमीचा ड्युअल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वर रंगाचा कप असलेला ब्रश. तीन लिटरची टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर, त्यालाच रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. रंग पाण्यात धुतला जाणारा अ‍ॅक्रिलिक. थिनर म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. प्रेशर २५ ते ३० पीएसआय.

त्रास असे. कपात बुडबुडे येतात, कधी नुसती हवा सोडली तरी. रंग सलग न येता थुंकल्यासारखा येतो. पाच मिनिटांत सुईच्या टोकाला गोळा धरतो. मधूनच एखादा पाण्याचा थेंब येऊन आधीचा कोट फोडतो. आणि जे काही वाळतं त्याला संत्र्याच्या सालीसारखी खरखर असते. दोनदा पूर्ण रंग उतरवून झाला.

प्रेशर बदललं, रंग पातळ केला, घट्ट केला, ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला. काही फरक नाही. शिवाय दुकानात अ‍ॅक्सेसरीजची एवढी मोठी यादी दाखवतात की त्यातलं काय खरंच लागतं तेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करा.

---

नळस्टॉप

काका बघत असतील तर आधी त्यांना नमस्कार सांगा.

तुमच्याकडे एक नाही, निदान तीन वेगळे आजार आहेत. ते एकत्र दिसतात म्हणून कुठल्याच औषधाचा गुण येत नाहीये. आज रंग बाजूला ठेवा आणि एवढंच करा.

कप स्वच्छ धुवा, साधं पाणी भरा. ट्रिगर फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. म्हणजे हवा सुरू, सुई बंद. आता कपात बघा. शांत पाण्यात बुडबुडे आले तर त्यात रंगाचा दोष नाही. पुढून बाहेर जायची हवा नोझलच्या बाजूने वाट काढून उलटी कपात शिरतेय. याची कारणं मोजकी: नोझल नीट बसलेलं नाही, पुढची कॅप सैल आहे, किंवा नोझल चिरलंय. पाण्यात बुडबुडे नाहीत आणि रंगातच येतात, तर तोंडाशी वाळलेला रंग अडकलाय.

एक प्रश्न. नोझल साफ करताना त्यात काय घातलं होतं? खरं सांगा, इथे कोणी रागावणार नाही.

आणि पूर्ण ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवायचं बंद करा. आत रबराच्या रिंगा असतात, त्या फुगतात. मग ट्रिगर जड होतो आणि हवा गळायला लागते. भिजवायचंच असेल तर नोझल, सुई आणि पुढच्या दोन कॅप एवढंच सुटं करून वाटीत ठेवा. काच पुसायचं अमोनिया असलेलं पाणीही नको, त्यात ठेवलेल्या ब्रशचं क्रोम जातं आणि खालचं पितळ काळं पडतं.

---

सिंहगडरोड

नमस्कार पोचवला. बाबा शेजारीच आहेत.

पाण्याची चाचणी केली. बुडबुडे येतात, भरपूर.

नोझलमध्ये शिवणाची सुई घातली होती. गोळा निघत नव्हता म्हणून जरा जोर दिला. दोन-तीनदा.

---

नळस्टॉप

मग नोझल गेलं असं धरून चला. ०.३ चं तोंड म्हणजे किती, तर तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. त्यात शिवणाची सुई दाबली की पितळ तुतारीसारखं पसरतं किंवा उभं चिरतं. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. घड्याळवाले वापरतात तसलं भिंग असेल तर त्यातून तोंड बघा, नोझल गोल गोल फिरवत.

ब्रशची स्वतःची सुई सुद्धा तपासा. नखावर टोक हलकेच टेकवून ओढा, अडखळली तर टोक वाकलंय. थोडंसं वाकलेलं असेल तर २००० नंबरच्या वॉटर पेपरवर सुई निजवून, फिरवत, मागून टोकाकडे ओढा. उलटं कधीच नाही.

नवं नोझल घ्याल तेव्हा एक नाही, दोन घ्या. सोबत त्याच मापाची सुई. बसवताना पान्याने आवळू नका. दोन बोटांत पाना धरून जेवढं फिरेल तेवढंच. त्या आट्या इतक्या बारीक असतात की नोझल मोडून अर्धा भाग ब्रशच्या आतच राहतो, मग तो काढता काढता पुरे होतं. आटीवर मेणाचा पातळ हात फिरवा, मधमाशीचं मेण सर्वांत चांगलं. हवा अडते.

---

रिटार्डर

सिंहगडरोड, तुमचा दुसरा आजार व्हिडिओतून आलाय.

'अ‍ॅक्रिलिक' या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीचे रंग विकले जातात आणि नवीन माणूस इथेच फसतो. तामिया कंपनीचे एक्स आणि एक्सएफ नावाचे रंग अल्कोहोलवर चालतात. त्यांना त्यांचा स्वतःचा एक्स-२०ए थिनर चालतो, आयसोप्रोपिल चालतं आणि लॅकर थिनरही चालतो. किंबहुना लेव्हलिंग थिनरने, म्हणजे रंग पसरून सपाट बसवणाऱ्या लॅकर थिनरने, ते जास्त गुळगुळीत बसतात. वालेहो कंपनीचे आणि त्या जातीचे रंग पाण्यातले. त्यांत रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. त्यात अल्कोहोल टाकलं की दूध फाटावं तसा रंग फाटतो. डोळ्यांना सुरुवातीला दिसत नाही, पण नोझलमध्ये चोथा जमायला लागतो. तुमचा पाच मिनिटांत धरणारा गोळा बहुधा तोच.

घरी करून बघा. दोन बाटल्यांची झाकणं घ्या. दोन्हींत तुमच्या रंगाचे चार थेंब, एकात पाणी, दुसऱ्यात अल्कोहोल. टूथपिकने ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. मग टूथपिक उचला.

पाण्यातल्या रंगाला त्याच कंपनीचा एअरब्रश थिनर वापरा आणि टोकाशी वाळू नये म्हणून फ्लो इम्प्रूव्हरचे एक-दोन थेंब. प्रमाण लोक आकड्यांत विचारतात, मी नजरेने ठरवतो. कपाच्या आतल्या भिंतीवर ब्रशने रंग वर ओढा. दुधासारखा सरसर खाली उतरला आणि मागे पातळ साय राहिली, तर झालं. दह्यासारखा रेंगाळला तर घट्ट. मागे काहीच राहिलं नाही तर पाणी झालं. तामियासाठी एकास एकपासून सुरू करा, बारीक कामाला एकास दोन.

पण तुमच्या कामासाठी मी पाण्यातला ग्लॉस ब्लॅक वापरणारच नाही. उघड्या धातूखाली लॅकर ग्लॉस ब्लॅक हवा, लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दोन. तो वाळताना स्वतःच पसरून सपाट होतो. पाण्यातला वाळला तरी नखाने निघतो, आणि वरचा मेटॅलिक लॅकर त्याला खाऊ शकतो.

अल्कोहोल फेकू नका, तामिया वापराल तेव्हा लागेल. पुण्यात तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्ड धुवायला ठेवतात तसलं शुद्ध घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं.

---

गॅरेजवाला

मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, मॉडेल करत नाही. मुलगा करतो म्हणून इथे वाचतो. पाण्याचं मी सांगतो.

हवा दाबली की गरम होते. गरम हवेतलं पाणी वाफ बनून ट्रॅपमधून आरामात निघून जातं, कारण ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून आहे आणि तिथे हवा अजून गार झालेली नाही. ती पुढे नळीत गार होते आणि पाणी तिथे सुटतं. मग ते थेंब बनून तुमच्या कामावर येतं. उन्हाळ्यात तुम्हाला हा त्रास झाला नसता. आत्ता श्रावण आहे, हवा नुसती ओली.

तीन गोष्टी करा. टाकीच्या खाली ड्रेनचा स्क्रू असतो, काम संपलं की रोज उघडा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा खाली फडकं ठेवा, गंजाचं लाल पाणी येईल. दुसरं, नळी लांब घ्या, तीन मीटर तरी, आणि मधला भाग खाली लोंबू द्या म्हणजे पाणी तिथे बसेल. तिसरं, ब्रशच्या अगदी जवळ बसणारा छोटा दुसरा ट्रॅप मिळतो, तो लावा. तिथे हवा गार झालेली असते, म्हणून तो खरं पाणी पकडतो.

घेताना आटीचं माप बघा. बऱ्याच ब्रशांना एक अष्टमांश इंच लागतं, आपल्या हार्डवेअरला पाव इंच चालतं. जुना जोड सोबत घेऊन जा. बोहरी आळीत काउंटरवर लावूनच बघा, अंदाजाने आणू नका.

अजून एक. लॅकर मारणार असाल तर पावसाच्या दिवशी मारू नका. थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग पांढुरका होतो. आमच्याकडे गाडीचा बॉनेट असा पडला की परत पेपर मारावा लागतो. रिटार्डर टाकला तर थिनर हळू उडतो आणि रंग वाचतो, पण कोरडा दिवस मिळाला तर तोच बरा. हार्डवेअरचा साधा एनसी थिनर फक्त धुवायला वापरा, रंगात घालू नका. प्लास्टिकला तो जास्त तिखट आहे.

---

पौडफाटा

सगळ्यांनी बरोबर सांगितलंय, पण बाबा शेजारी बसलेत हे वाचून मला राहवत नाही.

लॅकर थिनरच्या वाफा एन-९५ मास्कने अडत नाहीत. तो धुळीसाठी आहे. ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तुम्हालाही आणि खोलीत असेल त्या प्रत्येकाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्या खोलीत बसवूच नका. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, ब्रशची दिशा त्याच्याकडे ठेवा. आणि आजूबाजूला समई, उदबत्ती, डासांची अगरबत्ती काही पेटलेलं नको. आपल्या फ्लॅटमध्ये देवघर आणि कामाचं टेबल एकाच खोलीत असतं, म्हणून सांगते. मी स्वतः दोन वर्षं उघड्या तोंडाने काम केलंय. संध्याकाळी डोकं धरायचं ते उन्हामुळे असं वाटायचं. मास्क घेतल्यावर थांबलं.

---

सिंहगडरोड

ताई, मनापासून आभार. समई खरोखरच त्याच खोलीत असते. आजपासून टेबल बाल्कनीला लागून हलवलंय. बाबांना दारापलीकडे खुर्ची दिलीये, ते तिथून सूचना देतात.

आता काय सापडलं ते सांगतो.

झाकणांची चाचणी केली. पाण्यातल्या थेंबांवर टूथपिक ओढली तर रेघ गुळगुळीत. अल्कोहोलच्या झाकणातून टूथपिक उचलली तर तिच्यासोबत काळी साय उठली, आणि खाली पाणी वेगळं राहिलं. अगदी फाटलेलं दूध. अडीच महिने मी हे नोझलमध्ये ओतत होतो.

नोझल बाबांनी बघितलं. त्यांच्याकडे नोकरीतलं जुनं भिंग आहे, डोळ्याला लावायचं. हात थरथरतात म्हणून नोझल मी चिमट्यात धरलं आणि ते सांगतील तसं फिरवलं. "थांब. मागे घे. अजून. तिथेच." तोंडापासून आत जाणारी केसाएवढी चीर. मग भिंग त्यांनी मला दिलं. मी यापूर्वी ते नोझल वीस वेळा हातात घेतलं असेल.

त्यांनी अजून एक काम लावलंय. वही केलीये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची: तारीख, प्रेशर, रंग किती थेंब, थिनर किती, निकाल काय. ते म्हणाले, इंजिनवर दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि परत येतो तेव्हा हात रिकामे असतात. माझ्या आधीच्या सगळ्या प्रयत्नांत मी तेच केलं होतं, प्रेशर आणि रंग दोन्ही एकदम.

टाकीचा स्क्रू उघडला. गॅरेजवाले दादा, जवळजवळ अर्धा कप लाल पाणी निघालं.

नवं नोझल मागवलंय, दोन. तोवर अ‍ॅक्सेसरीजचं कोणी सांगेल का?

---

नळस्टॉप

काकांची वही आमच्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

अ‍ॅक्सेसरीजबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं तर घ्या. जादा नोझल-सुई आणि हाताजवळचा ट्रॅप, हे तुम्ही घेतच आहात. त्यानंतर क्विक कपलिंग, म्हणजे ब्रश नळीपासून एका झटक्यात सुटतो. हे चैनीचं वाटतं, पण ब्रश काढायला सोपा झाला की माणूस तो धुतो. आटी फिरवायचा कंटाळा आला की 'उद्या धुऊ' होतं आणि रंग आत वाळतो. मग क्लीनिंग पॉट, म्हणजे आत फवारायची काचेची बरणी, तिला ब्रश अडकवायला जागा आणि वर फिल्टर. उरलेला थिनर हवेत न जाता बरणीत जातो. बाल्कनीत काम करत असाल तर शेजाऱ्यांसाठी सुद्धा घ्या. बाकी रंगीत हँडल, सात प्रकारचे कप, ब्रशांचा अख्खा संच, यांतलं काही आत्ता नको. साफसफाईला औषधांच्या दुकानात दातांच्या फटींत घालायचे बारीक ब्रश मिळतात, ते कपाच्या तळाला उत्तम. नोझलमध्ये मात्र तेही मागच्या, रुंद बाजूनेच.

धुण्याची माझी रीत: रंग ओतून टाका. थिनर घाला, पुढच्या तोंडावर टिश्यू हलका दाबून ट्रिगर ओढा, हवा उलटी फिरून कपात उकळ्या येतील आणि तळाचा रंग वर येईल. ओता. असं थिनर स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीन वेळा. मग मागचा नट सैल करून सुई बाहेर काढा, थिनरच्या कापसाने फिरवत पुसा. पुसताना कापसावर रंग दिसला तर धुणं झालेलं नाही. सुई परत घालताना ग्लिसरीनचा एक थेंब मधल्या भागावर, टोकाला नाही. आणि ती आत बसते तिथे थांबा, ढकलू नका. नोझल आतूनही चिरतं.

प्रेशर ३० कशाला? ग्लॉस ब्लॅकला १५ ते १८ पुरे. आकडा ट्रिगर दाबलेला असताना वाचा, सोडल्यावर काटा वर जातो आणि तो खोटा असतो. वरचा मेटॅलिक लॅकर, अ‍ॅल्क्लॅड कंपनीच्या लॅकरसारखा असेल तर, पातळच येतो. त्यात थिनर घालू नका, १२ ते १५ ला, अगदी उडते हात.

---

रिटार्डर

एकच भर. तुमची संत्र्याची साल अशी येते. ब्रश लांब असेल तर थेंब वाटेतच अर्धवट वाळतो आणि वाळूसारखा बसतो. जवळ आणा. पहिला कोट नुसता शिंतोडे उडाल्यासारखा, दहा मिनिटं थांबून दुसरा, आणि तिसरा ओला, पृष्ठभाग काचेसारखा चमकेल इतका, पण ओघळ येण्याच्या अलीकडे. ही रेषा चमच्यांवर शिका. प्लास्टिकचे वापरून फेकायचे चमचे आणा, पाठीवर मारा. विमानावर शिकू नका.

---

सिंहगडरोड

बारा दिवसांनी लिहितोय.

नवं नोझल, लॅकर ग्लॉस ब्लॅक, एकास दोन, १६ पीएसआय. पाण्याच्या चाचणीत एकही बुडबुडा नाही. चमचे एकवीस झाले. पहिले आठ खराब, नवव्यापासून हात बसला, चौदाव्यात ओघळ. सगळे वहीत आहेत, क्रमांक चमच्याच्या दांड्यावर.

परवा दुपारी तीन तास ऊन पडलं. घाईघाईने बाहेर काढलं आणि फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, तिन्ही कोट दिले. लगेच खोक्याखाली झाकून दोन दिवस हात लावला नाही. आज खोकं उचललं. बाल्कनीची जाळी विमानाच्या पाठीवर चौकोन चौकोन दिसते. बाबांनी ते हातात घेतलं नाही, रुमालावर ठेवायला सांगितलं आणि ट्यूबलाइटखाली वाकून बघितलं. बराच वेळ. मग वहीचं एक पान फाडून त्यावर मागच्या भागाचं चित्र काढलं. म्हणाले, सगळं एकाच चांदीत मारू नकोस, शेपटीकडे इंजिनाच्या उष्णतेने पत्रा वेगळा दिसायचा, हा पॅनल मंद, हा थोडा पिवळसर, हा त्याहून गडद. सहा पॅनलना बाण आहेत.

म्हणून आता पुढचा प्रश्न. आधी सगळीकडे एक चांदी मारून, मग हे सहा पॅनल मास्क करून दुसऱ्या छटा द्यायच्या आहेत. मेटॅलिक लॅकरवर मास्किंग टेप लावली तर ती काढताना खालची चांदी निघते का? किती तास वाळू द्यायचं, आणि टेपचा चिकटपणा कमी कसा करायचा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, त्याआधी मी चमच्यांवर करून बघतोच आहे.